दोन गोधड्या, एकच ढीग: एका गणिताच्या बाईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांची ही हकीकत आहे त्या माझ्या जुन्या सहकारी. त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत. वर्गातली मुलं हाक मारतात तसं मीही इथे त्यांना 'बाई'च म्हणते.

बाई माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. चार तुकड्या मिळून १६८ मुलं, आणि त्यातल्या आठवीच्या एका तुकडीच्या त्या वर्गशिक्षिका. त्या तुकडीत ४२ मुलं. घरी नवरा, बारावीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं संध्याकाळचं औषधपाणी, मुलाचा अभ्यास आणि स्वयंपाक हे सगळं शाळेतून आल्यावर रात्री नऊपर्यंत चालतं. त्यानंतर जो वेळ उरतो त्यात बाई गेली पंधरा वर्षं गोधड्या शिवत आल्या आहेत.

त्यांच्या गोधड्या चिंध्यांच्या असतात, म्हणजे नवं कापड आणून त्याचे तुकडे करायचे नाहीत. विटलेले शर्ट, आखूड झालेले फ्रॉक, शिंप्याकडची कतरण, फाटलेल्या चादरीचा काठाजवळचा धड भाग, यातूनच शिवायचं. कपाटाचे खालचे दोन कप्पे आणि पलंगाखालच्या तीन पिशव्या एवढा त्यांचा साठा. हे का करता, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वह्या तपासून संपल्या की नव्या वह्या येतात. शिवलेली ओळ मात्र शिवलेलीच राहते." हे वाक्य मला फार जवळचं वाटतं. मीही शिक्षिका होते आणि मीही शिवते.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मुलीसाठी एक गोधडी हातात घेतली. तिच्या लहानपणच्या कपड्यांची. बारावी झाल्यावर ती वसतिगृहावर जाणार, तेव्हा सोबत द्यायची. तीन वर्षं म्हणजे भरपूर वेळ, म्हणून ती गोधडी निवांत चालली होती. मग या वर्षी पहिल्या सत्रात वर्गात एक कल्पना निघाली. शाळेच्या वाचनकोपऱ्यात अंथरायला वर्गाची एक गोधडी करायची, प्रत्येक मुलाने घरून एक कापड आणायचं. मुलांनी उचलून धरलं आणि बाई हो म्हणाल्या.

अडचण

वर्गाला सांगताना बाईंनी एवढंच सांगितलं होतं, "घरून एकेक कापड आणा." किती मोठं, कसलं, धुतलेलं की न धुतलेलं, याबद्दल काहीच नाही. जे आलं ते पिशवी उपडी करून मला दाखवलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं की हे सोपं नाही. सात मुलांनी बनियनसारखी ताणणारी होजियरी आणली होती. कुणी जीन्सचा जाड पाय, कुणी झिरझिरीत ओढणी, कुणी पडद्याचा चकचकीत तुकडा. एका लाल कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबला, तर रुमाल गुलाबी झाला. एका तुकड्यावर बाईंनी सवयीने सुती कपड्याची इस्त्री फिरवली आणि तो आक्रसून कडक झाला, कारण त्यात पॉलिस्टर होतं. कापड कसलं ते ओळखायला काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. ही परीक्षा बाईंना माहीत होती. रात्री साडेअकराला ती करायचं सुचलं नाही.

योजनाही मोठी होती. १२ इंचांचा चौकोन, आणि त्यावर त्या मुलाने निवडलेलं चित्र कापडातून कापून शिवायचं: फुगा, पतंग, क्रिकेटची बॅट. पहिल्या चौकोनाला २ तास १० मिनिटं लागली. ४२ चौकोनांचे ९१ तास झाले. हा गुणाकार बाईंनी केला तेव्हा पाच आठवडे उलटले होते, पाच चौकोन तयार होते आणि सहावा हातात होता.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वर्ष संपायला ११ आठवडे उरले होते. आठवड्याला फार तर ५ तास धरले तरी ५५ होतात. त्या सहानंतरच्या ३६ चौकोनांना ७८ तास हवे होते, आणि चौकोन जोडणं, अस्तर, धावदोरा, काठाची पट्टी हे सगळं वेगळंच. मध्ये घटक चाचणी. १६८ उत्तरपत्रिका, एकेकीला ८ मिनिटं, म्हणजे २२ तास २४ मिनिटं, आणि त्या दहा दिवसांत द्यायच्या.

"वेळापत्रक करून द्या," असं त्यांनी मला सांगितलं. मी करून दिलं. इथे माझी चूक झाली आणि ती लिहायलाच हवी. पहाटे पाचला उठा, रविवारी दुपारी तीन तास राखून ठेवा, असलं काहीतरी मी मांडून दिलं. पहिल्याच आठवड्यात पहाटेच्या अपुऱ्या झोपेत त्यांनी दोन चौकोनांची कापणी चुकवली आणि रविवारच्या तीन तासांपैकी पहिला तास टेबल रिकामं करण्यात गेला. ज्या बाईंना वेळ कुठे जातो हेच नीट ठाऊक नाही, त्यांना मी वेळ कुठून आणायचा ते सांगत बसले होते.

दुसऱ्या आठवड्यात मी फक्त नोंद ठेवायला सांगितली. शिवणाला हात लावला की घड्याळ बघायचं आणि काय केलं ते लिहायचं. आठवड्याचे ५ तास २० मिनिटं भरली. त्यातलं प्रत्यक्ष शिवण १ तास ३५ मिनिटं. कापड शोधणं आणि रंग जुळवणं १ तास ५० मिनिटं. मशीन जेवणाच्या टेबलावर मांडणं आणि परत उचलून ठेवणं ५० मिनिटं, इस्त्री ४०, चुकलेले टाके उसवणं २५. कागद बघून बाई बराच वेळ गप्प होत्या. नवरा "टेबल कधी मोकळं होणार?" असं रोज विचारायचा आणि त्यांना त्याचा राग यायचा. त्या ५० मिनिटांमध्ये त्याचाही प्रश्न होता हे त्या दिवशी दिसलं.

पिवळा फ्रॉक

त्याच आठवड्यात खरी गोष्ट घडली.

सहाव्या चौकोनावर एका मुलाला सूर्य हवा होता. वर्गाच्या पिशवीत पिवळं कापड नव्हतं. रात्री साडेअकरा वाजले होते, उत्तरपत्रिका तपासून मान आखडली होती आणि हा एक चौकोन संपवूनच झोपायचं असं बाईंनी ठरवलं होतं. मुलीच्या गोधडीच्या पिशवीत एक पिवळा फ्रॉक होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. वर्षानुवर्षं धुऊन तो फिका झाला होता. मात्र त्याच्या पुढच्या खिशाखालचं कापड ऊन आणि साबणापासून वाचलं होतं आणि तिथला पिवळा अजून गडद होता. बाईंनी खिसा उसवला आणि त्याखालून साडेतीन इंचांचा गोल कापून घेतला.

मुलीला ते चार दिवसांनी कळलं. ती आपल्या पिशवीतले तुकडे बघायला बसली होती, परीक्षेच्या अभ्यासातून जरा उठून. तिला भोक पडलेला फ्रॉक आणि सुटा खिसा सापडला. ती लहान असताना सुट्टीच्या दिवशी बाई कधी कधी तिला शाळेत घेऊन जायच्या, आणि त्या खिशात खडूचे तुकडे भरून ती रिकाम्या वर्गांतून फिरायची. ती आदळआपट करणारी मुलगी नाही. एवढंच म्हणाली, "आई, माझी गोधडी मागे पडली तर चालेल गं. पण तिच्यातलं काढून तिकडे लावू नकोस."

बाईंनी मला फोनवर हे सांगितलं, आणि आम्ही दोघी इतके दिवस चुकीच्या जागी शोधत होतो हे माझ्या लक्षात आलं. शाळेचं काम घरच्या वेळात शिरणं नेहमीचं आहे. शिक्षकाच्या घरात वह्या येतातच आणि घरचेही ते समजून घेतात. इथे एकाच कपाटातल्या एकाच ढिगातून दोन गोधड्या चालल्या होत्या. दमलेल्या रात्री कोणतं कापड कुणाचं हे ठरवायला कसलीही रेघ आखलेली नव्हती. वेळापत्रक कितीही चांगलं असतं तरी तो फ्रॉक वाचला नसता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय बाहेर देण्याचा. शिंप्याकडे चौकोन दिले असते तर काम आठवड्यात झालं असतं. पण कोणतं कापड कुठे ठेवायचं हे तो ठरवणार आणि मुलांच्या हाताला सुई लागणार नाही. बाईंनी तो लगेच सोडला आणि मला ते पटलं.

दुसरा, पुढच्या वर्षी पूर्ण करण्याचा. पण पुढच्या वर्षी ही मुलं नववीत, दुसऱ्या वर्गशिक्षकांकडे असतील. आपण आणलेलं कापड वर्षभर पिशवीत पडून आहे हे मुलांना जाणवतं. तरीही माझ्या मते हा पर्याय अजिबात वाईट नव्हता, आणि बाईंची तब्येत आणखी ढासळली असती तर मी तोच धरून बसले असते.

तिसऱ्यावर आम्ही बराच वेळ घालवला. सिद्दी समाजाच्या बायका गोधडी शिवतात त्या पद्धतीने करायचं का? कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हा आफ्रिकी वंशाचा समाज राहतो आणि तिथल्या गोधडीला 'कवंदी' म्हणतात. अस्तरावर बाहेरच्या काठापासून सुरुवात करायची, तुकड्याच्या कडा आत दुमडून धावदोऱ्याने शिवत शिवत मध्याकडे यायचं. मोजून कापायची गरज नाही, मशीन नको, इस्त्रीही फारशी नको. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात आणि तेव्हाच गोधडी पुरी झाली असं मानतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण एका अस्तराभोवती एका वेळी फार तर चार-पाच मुलं बसू शकतात, आणि ४२ जणांची पाळी येईपर्यंत वर्ष संपलं असतं. शिवाय ताणणारी होजियरी हाताने सपाट बसवणं नवशिक्या मुलांना जमणारं नव्हतं.

चौथा पर्याय आकार आणि पद्धत दोन्ही बदलण्याचा. चित्रं सोडून द्यायची. चौकोन ८ इंचांचा करायचा आणि पायाच्या कापडावर पट्ट्या शिवायच्या. यात जुन्या पातळ चादरीचा ९ इंचांचा चौकोन पाया म्हणून घेतात. त्याच्या कर्णावर मधली पट्टी ठेवायची, तिच्यावर दुसरी पट्टी उलटी ठेवून शिवायची, उलगडून दाबायची, मग तिसरी, असं दोन्ही कोपऱ्यांपर्यंत. शेवटी चौकोन साडेआठ इंचांवर नेमका छाटायचा, म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत आत जाणारं कापड) धरून शिवल्यावर ८ इंच दिसतो. कापड जाड असो, पातळ असो, ताणणारं असो, पाया त्याला धरून ठेवतो. पिशवीतल्या खिचडीला हेच औषध होतं.

चित्रं सोडायला बाई तयार नव्हत्या. "मुलांनी निवडलेलं आहे ते," त्या म्हणाल्या. त्यांचं मन वळलं ते एका निळ्या शर्टमुळे. एका मुलाने वडिलांचा गॅरेजमधला कामाचा शर्ट आणला होता. बाई पाठीकडचा स्वच्छ भाग कापायला निघाल्या, तर तो म्हणाला, "बाई, बाहीचा घ्या ना, तेलाच्या डागाचा. तोच बाबांचा वाटतो." मी बाईंना गीज बेंडची गोष्ट सांगितली. अमेरिकेत अलाबामा राज्यातली ती वस्ती. १९४२ मध्ये तिथल्या मिसूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांतून गोधडी शिवली. साध्या पट्ट्या आणि ठोकळे, चित्र एकही नाही. त्या वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. डागाच्या बाहीवर बॅटचं चित्र शिवलं असतं तर बाहीच झाकली गेली असती. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला विचारलं, आणि सहा मुलं सोडून सगळे पट्ट्यांना हो म्हणाले. ती सहा म्हणजे ज्यांची चित्रं आधीच शिवून झाली होती.

काय केलं

सर्वात आधी ढीग वेगळे झाले. मुलीच्या कपड्यांची पिशवी बाईंनी तिच्याच खोलीत नेऊन ठेवली आणि सांगितलं की तू सांगितल्याशिवाय त्यातला दोराही मी काढणार नाही. वर्गाचं कापड शाळेतल्या कपाटात गेलं. घरी एका वेळी सहाच चौकोनांचं सामान यायचं, एका कापडी पिशवीत. घरातल्या बाकीच्या चिंध्या उरल्या, त्या धाकट्याच्या ताब्यात आल्या. चिंध्यांच्या गोधडीत रंग जुळण्यापेक्षा फिकं-गडद जुळणं महत्त्वाचं असतं. बाईंनी त्याला युक्ती दाखवली: तुकडे जमिनीवर मांडायचे, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढायचा, मग कोणता खरा फिका आणि कोणता गडद ते लगेच दिसतं. डोळ्याला भडक वाटणारा लाल फोटोत चक्क काळपट निघतो. त्याने दोन रविवारांत फिकं, मधलं, गडद असे तीन खोके भरले. कापड शोधण्यात जाणारा वेळ यामुळे जवळपास संपला.

नवऱ्याने खिडकीपाशी भिंतीला एक फळी ठोकली आणि मशीन तिथे कायमचं बसलं. जेवणाचं टेबल जेवणाला परत मिळालं. हे इतकं साधं होतं की पंधरा वर्षांत का केलं नाही, असं दोघांनाही वाटलं.

कामाचेही भाग पाडले. दमलेल्या डोक्याने कापायचं नाही, हा नियम. कापणी रविवारी सकाळी. उत्तरपत्रिकांच्या दहा दिवसांत मशीनला हात लावायचा नाही. हातशिवणाची पिशवी मात्र जवळ असू दे, सासूबाईंजवळ बसून पाव तास धावदोरा घालता येतो. माझ्या अनुभवाने सांगते, तपासणीच्या दिवसांत शिवण पूर्ण बंद केलं की चिडचिड वाढते, आणि मशीनवर बसलं की बारा वाजतात.

मुलांचा भाग कार्यानुभवाच्या तासाला झाला. आधी गणित: ९ इंचांच्या चौकोनाचा कर्ण किती? पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर होताच. १२.७ इंच आले, म्हणजे मधली पट्टी १३ इंच हवी. ज्यांचं कापड तेवढं लांब नव्हतं त्यांनी दोन तुकडे जोडले. मधली पट्टी अडीच इंच रुंद, ज्याची त्याच्या घरच्या कापडाची. कडेच्या पट्ट्या सगळ्यांच्या मिळून केलेल्या ढिगातून. लाल रंग सोडणाऱ्या कापडाच्या मुलीने दुसरं कापड आणलं. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी प्रत्येक मुलाने हाताने घातल्या, धावदोऱ्याने, इंचाला सहा-सात टाके धरून. दर चौथा टाका मागे घ्यायचा म्हणजे शिवण सैल पडत नाही. वीस सुया मोजून द्यायच्या, वीस मोजून घ्यायच्या. एकदा एकोणीसच आल्या, तेव्हा घंटा झाली तरी वर्ग सोडला नाही. बाकाच्या फटीत सापडली.

उरलेल्या पट्ट्या बाईंनी घरी मशीनवर लावल्या. एका चौकोनाची शिवण संपली की दोरा न तोडता लगेच दुसरा मशीनच्या सुईखाली सरकवायचा. सहा चौकोनांची माळ तयार होते, मग एकदम कापायची. चौकोनामागे त्यांचा वेळ सरासरी २५ मिनिटांवर आला. ४२ चौकोनांचे साडेसतरा तास.

आधीच्या सहा चित्रांचं काय करायचं, हा प्रश्न अवघड होता. सहा जणांची चित्रं आणि बाकीच्यांच्या पट्ट्या असं चाललं नसतं. बाईंनी त्या सहा चौकोनांना काठ दुमडून घेतले आणि ज्याचे त्याला घरी नेऊ दिले. पिशवीत त्यांचं उरलेलं कापड होतं, त्याच्या पट्ट्या गोधडीत लागल्या. एका मुलीला आपला पतंग गोधडीतच हवा होता आणि ती दोन दिवस बाईंशी बोलली नाही. सूर्याचा पिवळा गोल घरी नेण्याआधी बाईंनी उसवला, दुसऱ्या पिवळ्या कापडाचा लावला आणि त्या मुलाला का ते सांगितलं.

निष्पत्ती

सहा गुणिले सात चौकोन, ४८ बाय ५६ इंच. मध्ये एक जुनं पातळ ब्लँकेट, खाली सुती चादर. दाट धावदोरा घालायला वेळ उरला नव्हता, म्हणून तिन्ही थर गाठींनी बांधले. चौकोनांचे आतले ३० कोपरे आणि ४२ मध्य मिळून ७२ गाठी. गाठींमधलं अंतर साडेपाच इंचांच्या आसपास पडतं. ब्लँकेटचा थर असला की तेवढं पुरतं. कापूस भरला असता तर तो सरकला असता. गाठी मुलांनी मारल्या. काठाची पट्टी माझी, तेवढी मी मागून घेतली होती.

वर्ष संपायच्या तीन दिवस आधी गोधडी वाचनकोपऱ्यात अंथरली. तेलाच्या डागाची पट्टी तिसऱ्या ओळीत आहे. मुलं तिच्यावर बसताना आपापला चौकोन शोधून बसतात.

उत्तरपत्रिका तीन तुकड्यांच्या वेळेत गेल्या, चौथ्या तुकडीच्या दोन दिवस उशिरा. बाईंनी मुख्याध्यापकांना ते आधीच सांगितलं होतं. पूर्वी असं सांगणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मानेचं दुखणं कमी झालं, गेलं नाही.

मुलीची गोधडी पुरी झाली नाही. परीक्षा आणि जाण्याचा दिवस यांच्यामध्ये तीन आठवडे होते, आणि बाई रोज रात्री बसून ती पुरी करायला तयार होत्या. मुलीनेच नको म्हटलं. घाईत शिवलेली नको, सुट्टीत आले की दोघी मिळून शिवू, असं ती म्हणाली. बाईंना हे खूप लागलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय त्या मुलीचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

वर्गाला होकार देण्याआधी एक चौकोन घड्याळ लावून शिवून बघायला हवा होता. एका संध्याकाळचं काम, आणि ९१ हा आकडा पहिल्याच आठवड्यात समोर आला असता. आता बाई कोणालाही शिवणाचा शब्द द्यायच्या आधी हे करतात.

पालकांना चार ओळींची चिठ्ठी जायला हवी होती: धुतलेलं कापड, शक्यतो सुती, किमान १३ इंच लांब, परत मिळणार नाही असं समजून द्या. शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची. दोन घरांतून नंतर कापड परत मागायला माणसं आली, तेव्हा ते कापून झालं होतं. बाईंना त्यांची माफी मागावी लागली. कात्री लागण्याआधी प्रत्येक मुलाला "कोणता भाग घेऊ?" एवढं विचारलं असतं, तर निळ्या शर्टासारखी आणखी काही कापडं बोलली असती असं मला अजून वाटतं.

पतंगाच्या मुलीबद्दल मात्र आमचं एकमत नाही. बाई म्हणतात सगळ्यांना सारखं हवं होतं. मला वाटतं सहा चौकोन अस्तराच्या बाजूला, मागे लावता आले असते. चिंध्यांच्या गोधडीला मागची बाजूही असते, आणि वाचनकोपऱ्यात ती कधीतरी उलटी अंथरली गेलीच असती.

आणि फ्रॉक. खिशाखालचा तो गोल बाईंनी मुलीला परत दिला तेव्हा त्याच्या कडेने सुईची भोकं दिसत होती. त्यातून चौकोन काढायचा तर अडीच इंचांपेक्षाही लहान निघतो आणि माया गेल्यावर दोन इंचांहूनही कमी राहतो. बाईंनी हे सगळं मोजून ठेवलं होतं. मुलीने कापायला दिला नाही. पहिल्या सुट्टीत ती आली तेव्हा तिने फ्रॉकचा पुढचा भाग गोधडीवर ठेवला, गोल त्याच्या मूळ जागी बसवून कडेने हाताने शिवला, आणि वर खिसा लावला. तीन बाजूंनी टाके घातले. वरची बाजू उघडी ठेवली.